स्टीफन बॅचिलर यांचे कोणाशीच का पटले नाही?

प्रश्न: इंग्लंडमधील धर्मपद १६०५ मध्ये गमावलेले प्युरिटन (चर्चमध्ये कडक सुधारणा मागणाऱ्या पंथाचे) उपदेशक स्टीफन बॅचिलर सत्तरी ओलांडून १६३२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत पोहोचले. तेथेही सतत वाद का झाले?

पहिले उत्तर: अधिकाऱ्यांपुढे मान तुकवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. आल्या वर्षीच, सत्तेचा अवमान केल्याचे कारण देऊन, सोबत आणलेल्या मंडळींखेरीज इतरांना उपदेश करण्यास न्यायालयाने त्यांना मनाई केली, जी काही महिन्यांनी उठली. १६३८ मध्ये त्यांनी हॅम्पटन हे गाव वसवले. पण तेथील सहकारी टिमोथी डाल्टन यांच्याशी बिनसले आणि स्वतः उभारलेल्या चर्चमधूनच ते बहिष्कृत झाले.

दुसरे उत्तर: मला त्यांच्या घरच्यांविषयी अधिक वाटते. मुलगी थिओडेट, जावई ख्रिस्तोफर हसी आणि सॅनबॉर्न नातवंडे हॅम्पटनमध्ये रुजली. म्हातारपणी केलेले मेरीशी लग्न मात्र विस्कटले. दोघांनी एकत्रच राहावे, असा हुकूम १६५० मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी व्यभिचाराबद्दल, बाळंतपणानंतर चाळीसला एक कमी फटके आणि अंगावर ‘ए’ (‘अ‍ॅडल्टरी’ म्हणजे व्यभिचार याचे आद्याक्षर) अक्षराचा डाग, अशी शिक्षा मेरीला सुनावली गेली. मूल होईपर्यंत थांबण्याची ती अट वाचताना अंगावर काटा येतो. बॅचिलर इंग्लंडला परतले. १६५६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे दफन झाले.