बोलोन्यात तरी फूड टूर घ्याच

फूड टूर, म्हणजे गाइडसोबत फिरत तिथले पदार्थ चाखणं. तिच्या पैशांत दोनदा पोटभर जेवण होतं, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो बऱ्याच शहरांत पटेल. पण इटलीतल्या बोलोन्यात मी टूर घ्याच म्हणेन, तीही पहिल्याच दिवशी सकाळी. प्याझ्झा माज्जोरे या मुख्य चौकाला लागून क्वाद्रिलातेरो हा जुना बाजार आहे. अरुंद गल्ल्यांतून मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज), चीज, ताज्या पास्त्याची दुकानं. नवख्या माणसाला काय मागावं तेच सुचत नाही. गाइड सोबत असला की १२ महिने आणि ३६ महिने मुरवलेलं पार्मिजानो चीज शेजारी शेजारी ठेवून चाखायला मिळतं. फरक जिभेला लगेच कळतो. रागू, म्हणजे खिम्याचा सॉस, तिथे स्पगेटीवर नाही, ताल्यातेल्ले या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यावर वाढतात, आणि त्याची कृती १९८२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर नोंदवलेली आहे!

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. तोर्तेल्लिनी या भरलेल्या छोट्या पास्त्याच्या सारणात डुकराचं मांस असतं. पार्मिजानोसाठी दूध विरजतानाही वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) वापरतात, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. आणि गट लहान असलेली टूर बघा, मोठ्या घोळक्यात दुकानदाराशी बोलणंच होत नाही.