मदत हवी आहे: सर्व्हे मीटर मर्यादेत बसतोय, पण चूक अंतराबरोबर बदलतेय

सीझियमवाली:
अणुवीज केंद्राच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. एका प्रकारच्या सर्व्हे मीटरने (रेडिएशन मोजायचं हातातलं यंत्र) आठवडाभर डोकं खाल्लंय.

मीटर जीएम ट्यूबचा (गायगर-म्युलर, किरण टिपला की एक पल्स देणारी नळी), एनर्जी कॉम्पेन्सेटेड (वेगवेगळ्या ऊर्जेच्या गॅमाला जवळपास सारखाच प्रतिसाद देणारा). सोर्स सीझियम-१३७, सर्टिफिकेट चार वर्षांपूर्वीचं. डिके करेक्शन मी स्वतः कागदावर केलंय (सोर्स कमजोर होतो वर्षाला साधारण २.३ टक्के, चार वर्षांत नऊच्या आसपास), तेव्हा ते कृपया विचारू नका. बॅकग्राउंडही (सोर्स नसतानाचं रीडिंग) वजा केलंय. आकडे मायक्रोसिव्हर्ट प्रति तास:

५० सेंमी: यायला हवेत १६००, येतात १३७०
१ मीटर: हवेत ४००, येतात ३७०
२ मीटर: हवेत १००, येतात ९८
४ मीटर: हवेत २५, येतात २६.६

म्हणजे जवळ १४ टक्के कमी, लांब ६ टक्के जास्त. आमच्या प्रोसिजरमध्ये ±२० टक्के चालतं, म्हणून साहेब म्हणतात सर्टिफिकेट काढून मोकळी हो. पण हात धजत नाही. ट्रिमर (रीडिंग जुळवायचा स्क्रू) फिरवून जवळचं रीडिंग बरोबर केलं की लांबचं २४ टक्के वर जातं. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे. आणि मुख्य म्हणजे याच प्रकारची तीन यंत्रं लावून पाहिली, तिन्हींची रड अगदी एकसारखी. दोष ट्यूबचा की माझ्या बेंचचा (सोर्ससमोर मीटर मांडायची बैठक)?

जुना_खिळा:
मर्यादेत आहे ना? मग सही करा. असे शेकडो मीटर गेले हातावरून.

सीझियमवाली:
काका, ते ±२० टक्के मीटरच्या स्वतःच्या चुकीसाठी ठेवलेत. त्यातले १४ बेंचनेच खाल्ले तर मीटरच्या वाट्याला काय उरलं?

रातपाळी:
मला डेड टाइम (पल्सनंतर ट्यूब काही मोजू शकत नाही तो वेळ) वाटतोय. एक पल्स आली की जीएम ट्यूब ५०-१०० मायक्रोसेकंद आंधळी असते. सेकंदाला १००० काउंट दिसत असतील आणि डेड टाइम १०० मायक्रोसेकंद असेल, तर खरे १११० च्या आसपास असतात. फील्ड (रेडिएशनची तीव्रता) वाढेल तसं नुकसान वाढतं, त्यामुळे जवळ कमी दिसणं जुळतं. फार मोठ्या फील्डमध्ये तर काही जीएम मीटर पार खाली येतात, काटा शून्याकडे आणि माणूस आगीत. म्हणून आम्ही रेंजच्या वरही एकदा नेऊन बघतो. पण तुमचं लांबचं जास्त का येतंय, ते यात बसत नाही.

गामाकिरण:
अंदाज करत बसण्यापेक्षा दोन गोष्टी करा.

एक, अंतर न बदलता फील्ड बदला. सोर्सच्या तोंडाशी १० मिमी शिशाची प्लेट लावा. प्लेटशिवाय आणि प्लेटसह, दोन्ही रीडिंग ५० सेंमीवर घ्या आणि २ मीटरवरही घ्या. दोन रीडिंगचं गुणोत्तर दोन्हीकडे सारखं आलं तर ट्यूब दोषातून सुटली. डेड टाइम असेल तर जवळचं गुणोत्तर लहान येईल.

दोन, प्रत्येक रीडिंगचं वर्गमूळ काढा, १ ला त्याने भागा आणि येणारा आकडा अंतरासमोर आलेखावर मांडा. वर्गव्यस्ताचा नियम (अंतर दुप्पट तर रीडिंग चौथाई) खरा असेल तर सरळ रेष मिळते. ती रेष शून्यातून गेली नाही, तर जिथे अक्षाला छेदते तेवढी तुमची अंतराची चूक.

सीझियमवाली:
केलं. ५० सेंमीवर १३७० आणि ४८९, २ मीटरवर ९८ आणि ३५. दोन्हीकडे २.८. ट्यूब सुटली!

आलेख काढताना मात्र हसूच आलं. पहिले दोन बिंदू जोडून रेष मागे ओढली तर ती शून्याच्या अलीकडे ४.१ सेंमीवर छेदते. मीटर उचलून उलटा केला. बाजूला केसवर एक छोटी अधिक खूण आहे, तो डिटेक्टरचा मध्य. पुढच्या कडेपासून पट्टी लावली: ४.१ सेंमी. आमच्या जिगचा (मीटर जागेवर धरणारा साचा) स्टॉप पुढच्या कडेला टेकतो! जुन्या जातीच्या मीटरमध्ये ट्यूब तोंडाशीच होती, तेव्हा ते खपून गेलं. नवे मीटर आले, जिग तोच राहिला. म्हणजे मी ५० सेंमी म्हणत होते ते ५४ होतं, आणि (५०/५४)² म्हणजे ०.८५७. हेच ते १४ टक्के.

पण ४ मीटरचा बिंदू रेषेच्या बराच खाली आहे, २ मीटरचा किंचित. ते काय?

गामाकिरण:
भिंती आणि जमीन. सोर्स आणि मीटरच्या बरोबर मध्ये थेट किरण अडवणारा शिशाचा ठोकळा ठेवा. मीटरला तरीही जे दिसेल ते स्कॅटर (भिंती-जमिनीवरून विखरून आलेले किरण), ते वजा करा. थेट किरण अंतराच्या वर्गाने घटतात, खोलीचं स्कॅटर मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून ते लांबवर उठून दिसतं. कॅलिब्रेशनवरच्या आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) २००० सालच्या सेफ्टी रिपोर्टमध्ये (क्र. १६) स्कॅटरबद्दल लिहिलंय, वाचून ठेवा.

सीझियमवाली:
ठोकळा ठेवून २ मीटरवर १.९, ४ मीटरवर २.१. वजा केल्यावर ९६.१ आणि २४.५. आता चारही बिंदू एका रेषेत. स्टॉप काढून खुणेवर लेझर आणला, ५० सेंमीवर १५९१ आले. ट्रिमरला हातसुद्धा लावला नाही.

रातपाळी:
डेड टाइमचं माझं चुकलं, पण एक जाता जाता. बेंचवर बरोबर आलेला मीटर ६६२ केईव्हीसाठी, म्हणजे सीझियमच्या गॅमाच्या ऊर्जेसाठी, बरोबर आहे. चालू रिअ‍ॅक्टरच्या कूलंट लाइनजवळ नायट्रोजन-१६ असतो, त्याचे गॅमा ६ एमईव्हीच्या वरचे. तिथल्या रीडिंगला एनर्जी रिस्पॉन्सचा वक्र (कुठल्या ऊर्जेला मीटर किती दाखवतो) बघितल्याशिवाय सीझियमचा फॅक्टर चिकटवू नका.

जुना_खिळा:
मान्य, सही करा म्हणालो ते घाईचं होतं. पण आता खरं काम पुढे आहे. या जिगवर आधी किती मीटर निघाले?

सीझियमवाली:
अकरा. त्यातल्या चारांचा ट्रिमर ५० सेंमीवर जुळवला होता, म्हणजे ते प्रत्यक्षात सुमारे १७ टक्के जास्त दाखवतायत. कामगाराच्या वाट्याला खरा डोस दिसतोय त्याहून कमीच आला, एवढं नशीब. उरलेल्या सातांना हात लागला नव्हता. तरी सगळे परत मागवलेत, साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता एक शेवटचं: वेगवेगळ्या जातीच्या मीटरसाठी सरकता स्टॉप असलेला जिग कुणी स्वतः बनवून घेतलाय का? खुणेला लेझर लावणं चालतंय, पण रोज तपासायला पंधरा मीटर असले की डोळे दुखतात, आणि नवीन मुलगा पुन्हा कडेलाच टेकवेल याची मला खात्री आहे.