स्वतःचा सर्व्हर उभा करेपर्यंत थांबू, की ब्लॉग आत्ताच सुरू करू?

साखरपेठ_माग:
माझे वडील सोलापुरी चादरींच्या जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठे पंच करायचे. ग्राफ पेपरवर नक्षी रंगवायची, एकेक चौकोन वाचत पुठ्ठ्याला भोकं पाडायची, मग सगळे पुठ्ठे ओवून माळ मागावर चढवायची. त्या ग्राफ पेपरांचं गाठोडं घरी आहे. मोर, कमळ, वेलबुट्टी, आणि कडेला तेलुगूत टिपणं. हे फोटोंसकट लिहून ठेवायचंय. पण ब्लॉग कुठल्या कंपनीच्या मर्जीवर नको, स्वतःचाच हवा, म्हणून घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालवायचा बेत आहे. ब्लॉगचं सॉफ्टवेअर ह्यूगो, घोस्ट की वर्डप्रेस, हे ठरत नाहीये. घरच्या इंटरनेटला पब्लिक आयपीही नाही, म्हणजे बाहेरून घरच्या मशीनपर्यंत थेट पोचता येत नाही. व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घेऊ का? दिवाळीपासून हेच वाचतोय, लिहिलं काहीच नाही.

हुरडा_आणि_चटणी:
एवढा विचार कशाला करलालास भावा? ब्लॉग लिहायची गुगलची साइट आहे ना, ब्लॉगर, ती उघड, आज रात्री पहिला लेख टाक. लाइट जाऊन जाऊन पायचं मेमरी कार्ड कधी बसेल सांगता येत नाही, मग बसशील तेच दुरुस्त करत.

चाटीगल्ली:
माझं पोटापाण्याचं कामच सर्व्हर सांभाळायचं आहे, आणि माझा ब्लॉग ब्लॉगरवर आहे. घरी आल्यावर मला लिहायचं असतं. व्हीपीएस घेतलं की अपडेट आले, बॅकअप आला, साइटच्या https साठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांत संपतं म्हणून त्याचं आपोआप नूतनीकरण लावणं आलं. अवघड काहीच नाही, पण ते कायमचं मागे लागतं.

तुमची मालकीची काळजी मात्र रास्त आहे. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गुगलनं घेतलं, उद्या काय होईल याची हमी मी देणार नाही. म्हणून डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्या आणि ब्लॉगरला जोडा, जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत. पुढं वर्डप्रेसवर गेलात तरी वाचकांचा पत्ता तोच राहील. सेटिंग्जमधून अधूनमधून बॅकअपची फाइल उतरवा. तिच्यात फोटो नसतात, फक्त त्यांच्या लिंका असतात, तेव्हा मूळ स्कॅन आपल्या हार्ड डिस्कवर ठेवाच. डोमेन आणि प्रत तुमच्या हातात असली की सर्व्हर कुणाचा याला फार अर्थ उरत नाही.

आणि वडील सांगायला समोर आहेत, ही खरी घाई. त्यांच्यासमोर मोराचा कागद ठेवा आणि एक ओळ वाचायला सांगा, फोनवर रेकॉर्ड करा. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. भोक असेल तिथं सुई आत जाते, हुक उचलला जातो, ताण्याचा, उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच. एवढं मला माहीत आहे. पण मोराच्या मानेचा बाक चौकोनांत कसा बसवायचे, एक भोक चुकलं तर पुठ्ठा नवा करायचे की चिकटवून भागवायचे, कुठल्या नक्षीला किती पुठ्ठे लागायचे, हे पुस्तकात मिळत नाही. आता नक्षी कॉम्प्युटरवर होते. हाताने पंच करणारी माणसं सोलापूरच्या पूर्व भागात किती उरलीत, तुम्हीच पाहा. ह्यूगो पुढच्या वर्षीही असेल.

पार्कचौक_संध्याकाळ:
एक बारीक गोष्ट. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर लिंकमध्ये नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि आकडे टाकतं. प्रकाशित करण्याआधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये रोमन अक्षरांत स्वतः नाव द्या. नंतर बदलायला गेलात तर लेख परत ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो आणि जुनी लिंक तुटते.

साखरपेठ_माग:
डोमेन घेतलं, जोडलं. वडिलांना मोराचा कागद दाखवला तर ते मोर सोडून आधी पुठ्ठे ओवायच्या दोऱ्यावरच बोलत बसले, तेव्हा पहिला लेख दोऱ्याचा. तेलुगू टिपणं नुसती फोटोत ठेवू की टाइप करू?

चाटीगल्ली:
टाइप करा, तेलुगू लिपीतच, आणि खाली मराठी अर्थ. फोटोतली अक्षरं शोधताना सापडतीलच असं नाही. एखादा शब्द वडिलांनाही लागला नाही तर तसाच ठेवा आणि लेखातच विचारा. साखर पेठेतलं कुणीतरी सांगेल. लिंक इथं टाका, मला वाचायचंय.