दिसण्याचे पैसे घेतात म्हणून?

प्रसिद्ध लोकांच्या वजनावर बोलावं का, या चर्चेत वर कुणी लिहिलंय, 'नटनट्या दिसण्याचेच पैसे घेतात, मग लोक दिसण्यावर बोलणारच'. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. अभिनयावर, कपड्यांवर, जाहिरातीतल्या थापांवर खुशाल बोला, मीही बोलते. वजनाचं तसं नाही. त्यामागचं आपल्याला काडीचंही ठाऊक नसतं.

हरनाझ संधू आठवते? डिसेंबर २०२१ मध्ये मिस युनिव्हर्स झाली. आधी काटकुळी म्हणून नावं ठेवली होती, काही महिन्यांत वजन वाढलं तर जाडी म्हणून. शेवटी तिलाच सांगावं लागलं की तिला सीलिएक आजार आहे, गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन चालत नाही. (आपल्याकडे निदान ज्वारीची भाकरी तरी आहे, पंजाबी घरात गहू बंद म्हणजे कठीणच!) मुकुट जिंकला म्हणून आजाराची फाइलही चव्हाट्यावर मांडायची का?

हॉलिवूडचा नट चॅडविक बोझमन, त्याने तर ती मांडलीच नाही. एप्रिल २०२० मध्ये एका व्हिडिओत तो फार खंगलेला दिसला आणि लोकांनी वाट्टेल ते तर्क लढवले. ऑगस्टमध्ये तो गेला, वय ४३. मोठ्या आतड्याचा कर्करोग, २०१६ पासून. 'ब्लॅक पँथर' या त्याच्या गाजलेल्या सुपरहिरो सिनेमाचं चित्रीकरण त्या आजारातच केलेलं.

'काळजीपोटी बोलतो' हेही वर कुणी लिहिलंय. माझ्या बाळंतपणानंतर एका लग्नात चौघीजणी 'अगं, ओळखलंच नाही तुला!' म्हणाल्या. थायरॉइडची गोळी चालू आहे का, हे एकीनंही विचारलं नाही.