खड्ड्यात पडलं तर सरकार देणं लागतं की नाही?

लांजेकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘खड्डा दिसत नसेल तर गाडी चालवू नका, सरकारवर दावे कसले लावता?’ रात्रभर डोक्यात बसलंय ते. पाण्याने भरलेला खड्डा दिसतो कुणाला? माझा भाचा हातखंब्याजवळ पडला, खुबा मोडला, तीन महिने अंथरुणात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आकडेच ठरवून दिलेत: खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. चांगला रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधला, जगण्याचा हक्क आहे. भीक मागत नाही आपण.

खेडवाला: निकालाने पोट भरत नाही. १९६५ चा कस्तुरीलाल खटला आठवा. मीरतला पोलिसांनी व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जप्ती हे सार्वभौम काम, म्हणजे राज्यसत्तेचं, त्याला सरकार जबाबदार नाही! सरकारी वकील अजून तोच निकाल काढतात.

लांजेकर: काढू देत. १९६२ चा विद्यावती का नाही सांगत? सरकारी जीपने माणूस उडवला, राजस्थान सरकारला भरपाई द्यावी लागली. १९९३ ला नीलाबती बेहरा, कोठडीतल्या मृत्यूचे दीड लाख. मूलभूत हक्क मोडला तर सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, हे तिथेच सांगून झालंय.

मालवणी झिल: खड्ड्याचा सोडा, रस्त्याखालची जमीनच आमची. आजोबाच्या वेळचो रस्तो. कागद नाय, पैसो नाय. हिमाचलच्या विद्यादेवीची जमीन १९६७-६८ त अशीच गेली. इतकी वर्षां आमच्या ताब्यात म्हणजे आमचीच, असा सरकारचा म्हणणा. २०२० त सर्वोच्च न्यायालयान ता फेटाळल्यान.

दापोलीची वैनी: जमिनीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमचा मोबदला मंजूर होऊनही पडून आहे. सातबाऱ्यावर चौतीस नावं, त्यातली वीस मुंबईला. सह्यांना फोन केला की ‘गणपतीत बघू’. एका पुतण्याने हरकत घेतली आणि वाटणीचा वाद म्हणून रक्कम गेली दिवाणी कोर्टात. सरकारशी नंतर भांडा, आधी भाऊबंदांशी!

डोंबिवलीकर: वैनी, मुंबईकरांवर घसरू नका. माझ्या वडिलांचं नाव वारस नोंदीतून गावच्याच चुलत्यांनी गाळलं. आम्हाला कळलं ते मोबदल्याची नोटीस गावात फिरल्यावर. हरकत घ्यायची नाही तर काय करायचं?

दापोलीची वैनी: आणि चाळीस वर्षं बांध कुणी घातले, कलमांना पाणी कुणी घातलं? घरपट्टी कोण भरतं?

डोंबिवलीकर: घरपट्टीने मालकी होत नाही. सरकारलाही नुसत्या ताब्यावर मालकी मिळाली नाही, वरच वाचा.

खेडवाला: थांबा दोघं. लांजेकर, खड्ड्यापुरतं मानतो तुमचं. पण माझ्या भावाने एका खात्यावर दावा लावला होता. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, दोन महिने थांबा, मग तारखा. अकराव्या वर्षी भाऊ गेला, दावा तसाच. माझा राग निकालांवर नाही, त्या अकरा वर्षांवर आहे.

लांजेकर: वाईट वाटलं, दादा. म्हणूनच उच्च न्यायालयाचा हा खड्ड्यांचा आदेश धरून ठेवायचा. त्यात दाव्याऐवजी समिती आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यात आहेत, आणि पैसे ठरलेल्या आठवड्यांत द्यायचेत. भाच्याचा पंचनामा झालेला नाही, पण दवाखान्याचे कागद आहेत आणि खड्ड्याचा फोटो टपरीवाल्याने काढला होता. सोमवारी रत्नागिरीला जातोय.

दापोलीची वैनी: जा. आमच्या चौतीस नावांसाठी कुठली समिती आहे का, तेही विचारून या.