माणसं बाहेर काढली की जंगल वाचतं?

काही जण म्हणतात की जंगल राखायचं तर आधी माणसं बाहेर काढायला हवीत, १८७२ ला अमेरिकेतल्या यलोस्टोन या पहिल्या राष्ट्रीय उद्यानापासून जगभर हेच चालत आलंय. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा ना, धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंड गाव, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना साधारण १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण तरी बांबू विकता येईना कारण वाहतुकीचा पास वनखात्याच्या हातात! आणि बांबू म्हणजे मुळात गवत हो, पण १९२७ च्या वन कायद्यात तो २०१७ पर्यंत झाड म्हणून धरलेला होता, म्हणून त्यावर खात्याचा ताबा. शेवटी २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि ते वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. बांबूच्या बेटात, म्हणजे एकत्र उगवलेल्या बांबूंच्या झुबक्यात, त्या वर्षीचे कोवळे कोंब तसेच ठेवायचे, पिकलेलाच बांबू तोडायचा, नाहीतर अख्खं बेट बसतं. ज्याचं पोट त्या बेटावर आहे तो ते का मरू देईल? आणि मेंढा-लेखात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, एकाचंही पटलं नाही तर परत बसायचं, वेळ लागतो पण मग ठरलेलं सगळे पाळतात.