विवाल्डीचं कुत्रं: संगीत की नक्कल?

खर्ज:
इटालियन संगीतकार विवाल्डीचे ‘चार ऋतू’ काल पुन्हा ऐकले. १७२५ साली ॲम्स्टरडॅममध्ये छापलेले चार कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना. प्रत्येकासोबत एक सुनीत, आणि त्याच्या ओळी थेट वादकांच्या नोटेशनवर: इथे पक्षी, इथे वीज, इथे माश्या. ‘वसंता’च्या मधल्या संथ भागात शेळ्या राखणारा झोपलाय, व्हायोलिनं पानांची सळसळ करतायत आणि व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) भुंकतेय. पहिल्यापासून शेवटपर्यंत! सुनीत समोर नसेल तर ते कुत्रं आहे हे कळणार कसं? आणि कळायला कागद लागत असेल तर ही नक्कलच, तीही न जमलेली.

मधली तार:
हौशी वाद्यवृंदात व्हायोला वाजवते, त्यामुळे हे भुंकणं माझ्या वाट्याला आलंय. त्या भागात चेलो नाही, बास नाही (ही आणखी खालच्या सुरांची तंतुवाद्यं), हार्पसिकॉर्ड हे जुनं पट्ट्यांचं वाद्यही नाही. सगळ्यात खालचा सूर व्हायोलाचाच. म्हणजे कुत्रं शोभेला बांधलेलं नाही, सगळी हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, त्याच्या पाठीवर आहे. ते गप्प बसलं तर वरची धून अधांतरी. व्हायोलिनांना ‘अगदी हळू’ आणि व्हायोलाला ‘कायम खूप जोरात, ओरबाडून’ अशी लेखी सूचना आहे. आमच्या कंडक्टरने मात्र "जरा सौम्य घ्या" म्हणत त्याचं पार मांजर केलं. तुम्हीही असंच एखादं गुळगुळीत रेकॉर्डिंग ऐकलं असणार.

खर्ज:
बास नाही हे लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण मग श्रेय रचनेचं, कुत्र्याचं नव्हे. बीबर या संगीतकाराचं लढाईवरचं ‘बत्तालिया’ (१६७३) घ्या. झिंगलेले शिपाई दाखवायला आठ गाणी एकदम, वेगवेगळ्या पट्ट्यांत. ड्रमचा आवाज यावा म्हणून बासच्या तारेखाली कागद. एकदा हसू येतं. दुसऱ्यांदा?

रिकामा डबा:
दुसऱ्यांदाही येतं, निदान मला. पण तीच रचना संपते जखमी शिपायांच्या विव्हळण्यावर. आधी तो धिंगाणा ऐकलेला नसता तर शेवट इतका लागला नसता. आणि फ्रेंच संगीतकार जाँ-फेरी रबेल? सत्तरी ओलांडल्यावर, १७३७ मध्ये, ‘ले एलेमाँ’ची (म्हणजे ‘मूलतत्त्वं’) सुरुवात केली ती डी मायनर या स्वरश्रेणीचे सातही सूर एकदम वाजवून. सृष्टी घडण्याआधीचा गोंधळ म्हणे. नक्कल म्हणता, तर मूळ आवाज ऐकलाय कुणी?

खर्ज:
अहो, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा! कुणी न ऐकलेलं सुचवलं ते संगीत. रोज ऐकतो तेच वाजवून दाखवलं की नक्कल.

मधली तार:
बरं, मग ‘हिवाळ्या’तला संथ भाग कुठे बसवताय? बाहेर पाऊस, आत शेकोटी. बोटांनी तारा छेडून थेंब पाडलेत, ही तुमच्या हिशेबाने नक्कल. वरची धून शेकोटीजवळच्या निवांतपणाची, त्याला तर आवाजच नसतो. दोनेक मिनिटांचा तुकडा आहे. अर्धा ठेवा, अर्धा फेका.

खर्ज:
ठेवला, अख्खा. पण म्हणून कुत्र्यालाही घरात घ्या म्हणू नका.